तिसरी आणि सहावी तार

वायरला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. सरकारला ठेवा, क्रिकेटच्या टीमला ठेवा, हिंमत असेल तर माझ्या बायकोच्या बांगड्याच्या तिखल्याला ठेवून बघा. पण मी ओढलेल्या वायरला नाही. मी नंदकुमार परब, टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं केबल जॉइंटर होतो. जॉइंटर म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यात उतरून तुटलेल्या केबलच्या शेकडो बारीक तारा एकेक करून जुळवणारा माणूस. वर गाड्या हॉर्न मारतायत, खाली पोटरीभर चिखल आणि आम्ही बॅटरीच्या उजेडात निळी तार निळीला लावतोय. साकीनाक्याच्या चौकात सहाशे जोड्यांची केबल मी आणि माझ्या जोडीदाराने जोडली होती, त्यात एकही जोडी चुकली नव्हती. हे मी लोकांना सांगतो तेव्हा लोक मोबाइल बघत असतात. त्याचाही मला राग येतो.

आमचं घर मुलुंड पूर्वेला, नवघर रोडवर, दुसऱ्या मजल्यावर. घरात मी, बायको रुक्मिणी आणि सून श्रुतिका. मुलगा नितेश बोटीवर असतो, वर्षातले सात-आठ महिने पाण्यात. श्रुतिका घरी बसून लग्नांच्या फिल्म एडिट करते. तिचे दोन कॉम्प्युटर. जुना हॉलमध्ये शोकेसशेजारी, त्यात सगळ्या लग्नांचं शूटिंग साठवलेलं. नवा आतल्या खोलीत, त्यावर ती कापाकापी करते. हॉलमधलं लग्न आत न्यायला ती हार्ड डिस्कची डबी जुन्याला लावायची, भरायची, मग उचलून नव्याला लावायची. लग्नसराईत दिवसाला वीस फेऱ्या व्हायच्या. वायफायवरून पाठवलं तर प्रत्यक्ष लग्नाला लागला त्याहून जास्त वेळ लागायचा.

जानेवारीत एक दिवस ती म्हणाली, "बाबा, दोन्ही मशीन वायरने जोडून घेऊ या. खालच्या अंबादासदादांना सांगते, ते येऊन टाकतील."

"घरात जॉइंटर बसलाय आणि वायर टाकायला बाहेरचा माणूस?" मी म्हणालो. "उद्या पेजेचे तांदूळ धुवायलाही बाहेरून बोलव कोणाला तरी."

अंबादासचं दुकान आमच्याच इमारतीखाली, भाड्याच्या गाळ्यात. कॉम्प्युटरची दुरुस्ती, वायरी, चार्जर, असलं सगळं. वय पंचेचाळीसच्या पुढे, बोलणं मोजकं. अकरा वर्षं तो मला काका म्हणत आला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला मोबाइलवरून कसा द्यायचा हे त्यानेच मला शिकवलं, आणि दर नोव्हेंबरला मी ते विसरून गेलो की पुन्हा पहिल्यापासून शिकवायचा.

त्याच्याकडून मी वायरचं भेंडोळं आणि प्लगचं पाकीट आणलं. जुन्या कॉम्प्युटरचं वायर खोचायचं भोक मेलेलं होतं, म्हणून त्यात एक नवं कार्ड त्याने बसवून दिलं. प्लग दाबायचा पक्कडही उसना दिला.

"काका, मी येऊ का हाताखाली?" त्याने विचारलं.

"तू दुकान सांभाळ."

दोन दिवस खपलो. हॉलच्या कोपऱ्यातून वर, चौकटीवरून, पॅसेजच्या छताला लागून आतल्या खोलीत. दर वीतभर अंतरावर क्लिप. कुठे लोंबणं नाही, कुठे मुडपणं नाही. मग टोकं सोलली आणि मला आनंदच झाला. आत आठ तारा, म्हणजे चार जोड्या, प्रत्येक जोडी आपापसात पिळलेली, एक तार पूर्ण रंगाची आणि तिची जोडीदार त्याच रंगाच्या पट्ट्याची पांढरी, आणि रंग कोणते? निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. आमचेच! खात्यात पहिल्या दिवशी पाठ करून घेतलेला क्रम तोच. मी त्याच क्रमाने जोड्या शेजारी-शेजारी लावल्या, प्लगमध्ये सारल्या, दाबल्या. दुसऱ्या टोकाला अगदी तसंच. प्लगच्या पाकिटावर कसलंसं रंगीत चित्र छापलेलं होतं. चौतीस वर्षं रंग जगलेल्या माणसाने चित्र बघून तारा लावायच्या? मी पाकीट ड्रॉवरमध्ये टाकून दिलं.

खात्यात आमची एक रीत होती. जॉइंट बंद करण्याआधी आत चिठ्ठी ठेवायची. जोडणाऱ्याचं नाव आणि तारीख. पुढे फॉल्ट निघाला की उघडणाऱ्याला कळावं, शिव्या कोणाच्या नावाने घालायच्या. ती रीत मी घरातही पाळली. दोन्ही प्लगच्या मानेला दोऱ्याने चिठ्ठी बांधली: 'नं. परब, १४ जानेवारी.' रुक्मिणी म्हणाली, संक्रांतीच्या दिवशी लोक पतंग बांधतात आणि तुम्ही हे.

श्रुतिकाने दोन्ही कॉम्प्युटर चालू केले. दोघांनी एकमेकांना ओळखलं. तिने एक लग्न लावलं बघायला, मशीन आतलं, शूटिंग हॉलमधलं. नवरी बोहल्यावर आली, मंगलाष्टकं सुरू झाली, मध्ये अंतरपाट धरला आणि चित्र तिथेच थांबलं. अंतरपाट हवेत, भटजींचं तोंड उघडं. आम्ही वाट बघितली. चित्र थोडं हललं, पुन्हा थांबलं. शेवटी पडद्यावर पाटी आली की दुसरा कॉम्प्युटर सापडत नाही.

"असं कसं सापडत नाही? हॉलमध्येच आहे तो!" मी पडद्याला म्हणालो.

पुढचे चार दिवस श्रुतिकाने काय काय केलं ते तिलाच माहीत. बंद करून चालू केलं. दोघांना आपापले नंबर दिले. आतली कसली तरी राखणदारी असते, ती बंद केली. प्रत्येक वेळी तेच. ओळख पटायची, काम सुरू व्हायचं, शंभरातले अकरा भाग जायचे आणि मग रडगाणं. मी मागे उभा राहून सांगत होतो की कार्ड खराब आहे. माझ्या वायरबद्दल कोणी काही बोललं नव्हतं, पण कोणी बोलेल असा मला वास यायला लागला होता.

पाचव्या दिवशी अंबादास वर आला. त्याच्याकडे हाताएवढा टेस्टर होता, दोन तुकड्यांचा. एक तुकडा एका टोकाला, दुसरा दुसऱ्या. बटण दाबलं की तारेगणिक दिवा लागतो. एक, दोन, तीन करत आठही दिवे ओळीने लागले. मी श्रुतिकाकडे बघितलं, मग रुक्मिणीकडे.

"आठच्या आठ," मी म्हणालो. "बोल आता."

अंबादास प्लग डोळ्यांजवळ धरून बघत होता. "काका," तो हळूच म्हणाला, "रंगांचा क्रम एकदा बघू या का?"

माझं डोकंच फिरलं. "रंग? तू मला रंग शिकवणार? निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी! झोपेतून उठवून विचार! तुझ्या दुकानात वायर यायच्या आधी मी ह्या मुलुंडच्या रस्त्याखाली तारा जोडत होतो!"

अंबादासने प्लग खाली ठेवला. खाली गेला, दुसरं कार्ड आणलं, बसवलं. अंतरपाट पुन्हा तिथेच. मग तो म्हणाला, "दोन्ही मशीन एका टेबलावर घेऊन छोट्या वायरने लावून बघू. म्हणजे कळेल दोष कार्डात आहे की..."

"की कशात?" मी विचारलं. "की माझ्या वायरीत, असंच ना? आठ दिवे लागलेत तुझ्याच टेस्टरवर! दोन-दोन कार्डं खराब दिलीस आणि वर माझ्या हातावर बोट ठेवतोस? बाहेर हो आधी."

श्रुतिका म्हणाली, "बाबा, अहो." अंबादासने टेस्टर पिशवीत घातला, चपला घातल्या आणि गेला.

"तुमी तेका बोलाक दिलात खंय?" रुक्मिणी म्हणाली. "तो काय सांगता ता आयकून तरी घेवा."

"माका शिकवू नको," मी म्हणालो, आणि त्याच रागात मोबाइल उचलला. सोसायटीच्या ग्रुपवर मी सहसा काही लिहीत नाही. त्या दिवशी लिहिलं, आणि खात्यातल्या तक्रारीसारखं मुद्देसूद लिहिलं:

'सर्व सभासदांच्या माहितीसाठी. इमारतीखालील दुकानदार अंबादास यांनी मला सदोष माल दिला. दोष दाखवल्यावर तो मान्य न करता माझ्या कामावर शंका घेतली. ज्याला आपली चूक दिसत नाही, अशा माणसाला आपल्या इमारतीचं काम देऊ नये. नंदकुमार परब, २०३, निवृत्त केबल जॉइंटर.'

शेवटचं वाक्य उगाच नव्हतं. इमारतीत कॅमेरे बसवायचे होते, दोन जिन्यांना, फाटकाला, पार्किंगला, आणि ते काम अंबादासला द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. महिनाभर तो मोजपट्टी घेऊन फिरत होता. तासाभरात माझ्या मेसेजवर एक्केचाळीस अंगठे आले. कोणाला दोन वर्षांपूर्वीचा माऊस आठवला, कोणाला गरम होणारा चार्जर. सेक्रेटरी सुलक्षणा दिघे यांनी लिहिलं, 'दखल घेतली आहे. कॅमेऱ्यांच्या कामाचा रविवारच्या सभेत फेरविचार करू. दुसऱ्या पार्टीशी बोलणं सुरू आहे.' अंबादास त्या ग्रुपवर नव्हता. गाळा भाड्याचा, तो सभासद कुठला? त्याला सगळं दुकानात आलेल्या लोकांकडूनच कळलं असणार.

दुसऱ्या दिवशी मी दूध घेऊन येत होतो. तो शटर वर करत होता. एरवी म्हणतो, काय काका, आज उशीर? त्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाला, "नमस्कार, परबसाहेब." एवढंच. मला वाटलं, चूक याची आणि तोरा मलाच. घरी येऊन मी तसं बोलूनही दाखवलं. रुक्मिणीने दुधाचं पातेलं इतक्या जोरात ओट्यावर ठेवलं की श्रुतिका आतून बाहेर आली.

आता मला पुरावा हवा होता. रविवारच्या सभेत कोणीतरी उठून विचारणार, परब, कार्डच खराब हे कशावरून? तर शनिवारी सकाळी मी ठरवलं, व्हिडिओ काढायचा. हॉलमधला जुना कॉम्प्युटर उचलून आतल्या खोलीत श्रुतिकाच्या टेबलावर नेला. इंटरनेटच्या डबीबरोबर कंपनीची एक हातभर वायर आली होती, ती शोधून काढली. श्रुतिकाला मोबाइल धरायला लावला.

"बघा," मी कॅमेऱ्याला म्हणालो, "हे अंबादासने दिलेलं कार्ड. ही कंपनीची वायर, माझी नाही. आता मधे माझा हात कुठेच नाही. आता बघा काय होतं."

मी वायर खोचली. लग्न लावलं. नवरी बोहल्यावर आली. मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट धरला. आणि खाली आला. अक्षता उडाल्या, वाजंत्री वाजायला लागली, नवरीचा मामा कुठे बघू कळेना म्हणून कॅमेऱ्यात बघून हसला. सगळं लग्न गुळगुळीत पुढे गेलं, जेवणाच्या पंगतीपर्यंत. व्हिडिओत पुढे नुसता माझा चेहरा आहे. श्रुतिकाने तो अजून पुसलेला नाही.

"म्हणजे कार्ड चांगलं आहे," ती म्हणाली.

"म्हणजे भेंडोळं डुप्लिकेट आहे," मी म्हणालो. माणसाचा राग एकदा निघाला की त्याला उतरायला जागा लागते, आणि मला ती अजून अंबादासच्या दुकानातच दिसत होती.

श्रुतिकाने वाद घातला नाही. ड्रॉवर उघडून तिने उरलेली चार-पाच हात वायर काढली, प्लगचं पाकीट काढलं आणि जमिनीवर बसली. पाकिटावरचं चित्र समोर ठेवून ती तारा लावायला लागली. पांढरी-नारिंगी, नारिंगी, मग पांढरी-हिरवी, आणि तिच्यापुढे निळी.

"अगं, काय करतेस? पांढऱ्या-हिरवीनंतर हिरवी हवी!" मी ओरडलो. "मधेच निळी घुसवलीस! जोडी फोडलीस तू!"

"बाबा, पाकिटावर आहे तसंच लावतेय."

"पाकीट छापणारा गाढव असेल!"

"असू दे," ती म्हणाली आणि प्लग दाबला. दुसऱ्या टोकालाही तसंच केलं. वायर लावली. अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या.

"लहान तुकडा आहे, म्हणून चालला," मी म्हणालो.

"मग मोठीची टोकं कापू?"

मी तिला पक्कड दिला. तिने दोन्हीकडचे माझे प्लग कापले. चिठ्ठ्यांसकट ते माझ्या तळहातावर ठेवले. नवे प्लग लावले, चित्र बघून. आम्ही जुना कॉम्प्युटर पुन्हा हॉलमध्ये नेला आणि माझ्याच वायरवरून, माझ्याच क्लिपांमधून, त्या डुप्लिकेट भेंडोळ्यातून लग्न आतल्या खोलीत गेलं. मामा हसला.

मी पाकीट घेऊन खिडकीशी गेलो आणि चष्मा लावून ते चित्र पहिल्यांदा बघितलं. खाली दोन ओळी होत्या. त्या मी दोनदा वाचल्या. कॉम्प्युटर पहिली आणि दुसरी तार एक जोडी धरतो. आणि तिसरी आणि सहावी. तिसरीची जोडीदार चौथी नाही, सहावी. असं का, ते त्यांचं त्यांना माहीत, पण तसं आहे. माझ्या प्लगमध्ये तिसरी होती पांढरी-नारिंगी आणि सहावी होती हिरवी. दोन वेगवेगळ्या जोड्यांमधल्या, एकमेकींशी कसलाच पीळ नसलेल्या.

फुटलेली जोडी म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको. खात्यात मी तोच फॉल्ट शोधणारा माणूस होतो. जोडी फुटली की फोन लागतो, घंटी वाजते, टेस्टर म्हणतो सगळं ठीक, कारण प्रत्येक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचलेली असते. फक्त बोलायला गेलं की शेजारच्या लाइनीतला आवाज घुसतो आणि शब्द शब्दाला लागत नाही. पोरांना मी शिकवायचो, दिव्यांवर विसंबू नका. आणि इथे मी आठ दिवे बघून एका माणसाला घराबाहेर काढलं होतं. त्याने प्लग डोळ्यांजवळ धरून बघितला होता. प्लग पारदर्शक असतो. त्याला तेव्हाच दिसलं होतं.

श्रुतिका दारात येऊन म्हणाली, "जाऊ दे बाबा. चालू झालं ना? ग्रुपवर टाका, प्रॉब्लेम सुटला म्हणून."

खोटं कशाला सांगू, मी तेवढंच टाकलं. 'कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम सुटला आहे. धन्यवाद.' पाच मिनिटांत सुलक्षणाबाईंचं उत्तर आलं, 'छान! शेवटी त्याने माल बदलून दिला वाटतं. तुम्ही आवाज उठवलात म्हणून.' खाली टाळ्यांचे हात. मी ते वाचून दाखवलं आणि मोबाइल खाली ठेवला. त्या टाळ्यांची मला चीड आली. एका माणसाने मान खाली घालून माझं ऐकून घेतलं, आणि त्याबद्दल मला टाळ्या?

रुक्मिणी मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "आता गप बसलात तर माझ्याशी बोलू नकात."

मी कापलेले प्लग खिशात घातले आणि खाली गेलो. अंबादास कोणाचा तरी लॅपटॉप उघडून बसला होता. मी प्लग काउंटरवर ठेवले. त्याने बघितले, चिठ्ठ्याही बघितल्या.

"तुला त्या दिवशीच दिसलं होतं," मी म्हणालो.

"हो, परबसाहेब."

"मग ठणकावून सांगायचं ना!" बघा, तिथेही मी चिडलोच. "एकदा विचारलंस आणि गप्प बसलास. हातात प्लग देऊन म्हणायचं, म्हाताऱ्या, बघ काय करून ठेवलंयस!"

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "सूनबाई उभ्या होत्या. काकी उभ्या होत्या. तुमच्याच घरात, त्यांच्यासमोर कसं सांगणार? म्हटलं, छोट्या वायरने लावून बघितलं की तुम्हाला आपोआप कळेल. मला बोलावंच लागणार नाही." त्याने प्लग परत माझ्याकडे सरकवले. "तुम्ही तिथपर्यंत येऊच दिलं नाहीत."

माफी मागायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात एक बाई चार्जर मागायला आली. तो तिच्याकडे वळला. मी प्लग खिशात घातले. मग म्हणालो, "उद्या सभा आहे." तो म्हणाला, "माहीत आहे," आणि चार्जर कागदात गुंडाळायला लागला.

रविवारी सकाळी दहाला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. तिसरा विषय कॅमेऱ्यांचा. सुलक्षणाबाईंनी सुरुवात केली, "परबकाकांच्या तक्रारीनंतर आपण दुसऱ्या पार्टीशी बोललो आहोत..."

मी उभा राहिलो. "तक्रार खोटी होती. दोष माझ्या कामात होता. अंबादासचा माल चोख आहे."

थोडी कुजबुज झाली. सुलक्षणाबाई हसून म्हणाल्या, "ठीक आहे हो काका, होतं असं. पण दुसऱ्यांना आपण शब्द दिल्यासारखं झालंय, आता कशाला परत..."

"होतं असं?" मी म्हणालो. "माझा मेसेज आला तेव्हा म्हणालात का होतं असं? तेव्हा तासाभरात दखल घेतलीत. मोबाइलवर लिहिलेलं एक वाक्य वाचून अकरा वर्षं ओळखीचा माणूस खराब ठरला. एकाने तरी खाली जाऊन त्याला विचारलं, बाबा रे, खरं काय?"

"काका, तुम्ही निवृत्त जॉइंटर. तुम्हीच लिहिलंत म्हणून आम्ही..."

हे मात्र खरं होतं, आणि तेच मला लागलं. मी खिशातून ते दोन प्लग काढले आणि टेबलावर ठेवले. "खात्यात जॉइंट करणाऱ्याचं नाव जॉइंटवर असायचं. यावर माझं आहे, वाचून घ्या. आणि आता माझा मेसेज मी पुन्हा वाचतो, नावं जागेवर लावून. हा इतिवृत्तात घ्या, नाहीतर सभा पुढे जाणार नाही."

मी मोबाइल धरला आणि वाचलं. "सर्व सभासदांच्या माहितीसाठी. दोनशे तीनचे नंदकुमार परब यांनी चांगल्या मालाचं सदोष काम केलं. दोष दाखवल्यावर तो मान्य न करता दुकानदार अंबादास यांच्या मालावर शंका घेतली. ज्याला आपली चूक दिसत नाही, अशा माणसाला..." कोणीतरी हसलं आणि मग थांबलं. "अशा माणसाला आपल्या इमारतीचं काम देऊ नये. नंदकुमार परब, निवृत्त केबल जॉइंटर."

मी बसलो नाही. सुलक्षणाबाईंनी पेन उचललं आणि लिहून घेईपर्यंत उभाच राहिलो. मग हात वर करून मत घेतलं. काम अंबादासला मिळालं, चार हातांच्या फरकाने. तेच सगळं मी ग्रुपवरही टाकलं. आरोपाला एक्केचाळीस अंगठे आले होते. कबुलीला तीन आले, त्यातले दोन माझ्याच घरातले.

फेब्रुवारीच्या शेवटी कॅमेरे लागले. मी दूध घेऊन येत होतो, अंबादास शिडीवर होता. फाटकाच्या कॅमेऱ्याचा प्लग त्याच्या हातात होता आणि प्लगच्या मानेला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. 'अंबादास, २६ फेब्रुवारी.'

"ही रीत आमच्या खात्याची," मी म्हणालो.

"तुमच्या प्लगवर बघितली. चांगली आहे." त्याने टेस्टरचा तुकडा खाली माझ्या हातात दिला. "दिवे बघता का जरा?"

एक, दोन, तीन करत आठही लागले. "लागले सगळे," मी म्हणालो.

"रंगही बघा." त्याने या टोकाचा प्लग माझ्यापुढे धरला. मी दुधाची पिशवी खाली ठेवली, चष्मा लावला आणि आठही तारा एकेक करून बघितल्या. तिसरी पांढरी-हिरवी, सहावी हिरवी.

"बरोबर आहेत, अंबादास."

"ठीक आहे, परबसाहेब," तो म्हणाला आणि पुढची पायरी चढला.

अकरा वर्षं मी त्याचा काका होतो. एका मेसेजात साहेब झालो. सवयीने राग आला. पण तो ज्याच्यावर काढावा असं त्या फाटकापाशी माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.